मसुराच्या रानातून उसाची वाट : भूमिकाखेळ कसा रचावा, कसा चालवावा आणि कसा उतरवावा

बेळगाव तालुक्यात भाताची कापणी उरकली की जमिनीत ओल आहे तोवर त्याच रानात मसूर पेरला जातो, आणि तो मसूर उभा असतो नेमक्या त्याच दिवसांत शेजारच्या उसाला तोड येते. उसाच्या रानाला स्वतःची पाणंद नसेल तर भरलेली ट्रॉली कोणाच्या तरी मसुरातून बाहेर काढावी लागते. बांधावरची बाचाबाची, पंचांची बैठक, दोन घरांमधले बंद झालेले बोलणे आणि कधीकधी पोलीस ठाण्याची पायरी, हे सगळे तिथून सुरू होते. या एका प्रसंगावर बेतलेला भूमिकाखेळ मी गेली काही वर्षे हायस्कूलच्या मुलांबरोबर आणि अधूनमधून मंडळांच्या तरुण कार्यकर्त्यांबरोबर घेत आलो आहे. आपल्या शाळेत, वाचनालयात किंवा मंडळात तो करून पाहण्याची ज्यांची इच्छा आहे, त्यांच्यासाठी त्याची रीत येथे तपशिलाने लिहीत आहे.

भूमिकाखेळ आणि शाळेच्या स्नेहसंमेलनातले नाटुकले यांत फरक आहे, तो आधी नीट समजून घ्यावा. नाटुकल्यात संवाद पाठ असतात, शेवट शिक्षकांनी ठरवलेला असतो आणि समोर टाळ्या वाजवणारे प्रेक्षक असतात. भूमिकाखेळात प्रत्येकाला एक माणूस आणि त्याची परिस्थिती एवढेच दिले जाते. काय बोलायचे, कुठे अडून बसायचे आणि कुठे नमते घ्यायचे हे खेळणाऱ्याने त्या क्षणी ठरवायचे असते. व्हिएन्नातील डॉक्टर जेकब मोरेनो यांनी पहिल्या महायुद्धानंतर पाठ संवादांशिवायचा रंगमंच उभा केला आणि त्यातून पुढे मनोनाट्य व समाजनाट्य या पद्धती आल्या. दोन माणसांनी जागा बदलून एकमेकांच्या तोंडून बोलायचे, ही या पद्धतींमधली सर्वांत मोलाची गोष्ट आहे. ब्राझीलचे नाट्यकर्मी ऑगुस्टो बोआल यांनी प्रेक्षकाला उठून पात्राच्या जागी उभे राहण्याचा अधिकार दिला. करमणुकीच्या बाजूने पाहिले तर १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ बाजारात आला. त्यात एक जण खेळातले जग सांभाळतो, बाकीचे त्या जगात आपापले पात्र चालवतात, आणि अनिश्चित गोष्टींचा निकाल फाशांवर लागतो. जग सांभाळणाऱ्या या माणसासाठी मराठीत नवा शब्द घडवण्याची गरज नाही. तो सूत्रधार.

आपल्या भागाला ही रीत परकी वाटण्याचेही कारण नाही. १८४२ साली उत्तर कानड्यातील भागवत मंडळींचे खेळ सांगलीत झाले, ते पाहून सांगलीचे संस्थानिक चिंतामणराव पटवर्धन यांनी विष्णुदास भावे यांना तसे मराठीत करण्यास सांगितले, आणि १८४३ साली 'सीतास्वयंवर' रंगमंचावर आले. आज बेळगाव शहरात असलेले शहापूर त्या काळी याच सांगली संस्थानात होते. त्या आरंभीच्या नाटकांत सूत्रधार पदे गाई आणि पात्रे आपापले भाषण आयत्या वेळी रचून बोलत. म्हणजे कानडी खेळ पाहून उभी राहिलेली, पाठांतर नसलेली, सूत्रधाराने सांभाळलेली अशी ही परंपरा आपल्या दाराशीच होती. शिवजयंतीच्या मिरवणुकीत रात्रभर चित्ररथावर मावळा होऊन उभी राहणारी मुले आजही आपल्या गल्लीगल्लीत आहेत. दुसऱ्याचे कपडे अंगावर चढवायला ती लाजत नाहीत, ही सूत्रधारासाठी फार मोठी सोय आहे.

आता हेतूविषयी. आपल्या गावांत भांडण 'मिटवतात'. पंच बसतात, दोन्ही बाजूंना थोडे थोडे दामटतात, भरपाई ठरते, चहा होतो आणि बैठक उठते. याची उपयुक्तता मी नाकारत नाही, कारण त्या दिवसापुरती डोकी फुटायची थांबतात. परंतु अमेरिकन शांतता-अभ्यासक जॉन पॉल लेडरॅक यांनी १९८०च्या दशकात मध्य अमेरिकेत काम करताना 'संघर्ष-परिवर्तन' हा शब्द वापरायला सुरुवात केली, ती नेमकी मिटवण्याच्या या कल्पनेविषयी तिथल्या सहकाऱ्यांनी शंका घेतल्यामुळे. मिटवण्याच्या घाईत खरी तक्रारच दाबली जाते, असे त्यांचे म्हणणे होते. वरवर दिसणारी घटना वेगळी आणि तिला पुन्हापुन्हा जन्म देणारे नात्यांचे जाळे वेगळे. घटनेवर उपाय करीत असतानाच त्या जाळ्यातही बदल घडवणे, याला परिवर्तन म्हणायचे. ट्रॉली आज कशी जाईल हा पहिला प्रश्न झाला. दर वर्षी ट्रॉली जाताना हीच दोन घरे का भांडतात, हा दुसरा. खेळ दुसऱ्या प्रश्नासाठी आहे, आणि त्यातही, त्या जाळ्यातला माझा धागा कोणता हे प्रत्येक मुलाने स्वतःशी पाहावे, यासाठी आहे.

कार्डे

सगळ्यांत जास्त मेहनत कार्डांवर घ्यावी. खेळ फसतो तेव्हा दहापैकी नऊ वेळा कार्ड पोकळ असते, असे माझे मत झाले आहे. गाव कल्पित ठेवावे. मी 'वडाची वाडी' म्हणतो. पात्रांना आडनाव देऊ नये, कारण आपल्याकडे आडनाव कानावर पडताच जात, भाषा आणि राजकीय मत ही तिन्ही ऐकणाऱ्याने ठरवून टाकलेली असतात. माझ्या खेळात मसूरवाल्या अक्का आहेत आणि ऊसवाले अण्णा आहेत. अक्का आणि अण्णा ही हाक मराठी घरातही आहे आणि कन्नड घरातही आहे, त्यामुळे कोणत्या बाजूचे घर कोणते हे मुलांना कळत नाही, आणि सुरुवातीला ते कळू नये हेच बरे. याशिवाय ट्रॅक्टरवाला, ऊसतोड टोळीचा मुकादम, देवस्थान कमिटीचे एक पंच आणि शहरात कॉलेजला जाणारा अक्कांचा मुलगा, अशी एकूण सहा पात्रे पुरतात.

प्रत्येक कार्डावर परिस्थिती आणि त्याखाली तीन ओळी असाव्यात : हा माणूस उघडपणे काय म्हणतो, मनातून त्याला काय हवे आहे, आणि कोणाला न सांगितलेले असे त्याच्याकडे काय आहे. दोन कार्डे येथे पूर्ण देतो.

अक्का. तुमचे वय बावन्न. पती जाऊन चार वर्षे झाली. अठरा गुंठे रान आहे. भात घरी खायला पुरते आणि हातात रोख येते ती मसुराचीच. उघडपणे तुम्ही म्हणता : माझ्या रानातून ट्रॉली जाणार नाही. मनातून हवे आहे : कोणीही विचारल्याशिवाय रानात पाऊल टाकू नये. कोणाला न सांगितलेले : गेल्या वर्षी अण्णांनी न विचारता ट्रॉली नेली तेव्हा तुम्ही बांधावरच उभ्या होता, आणि त्यांनी तुमच्याकडे मान वळवूनही पाहिले नाही.

अण्णा. तुमचे वय अठ्ठावन्न. दोन महिने वाट पाहून आज तोड आली आहे. टोळी उद्या संध्याकाळी दुसऱ्या गावाला जाईल. ऊस रानात वाळला तर वजन घटते आणि सोसायटीचे कर्ज अंगावर आहे. उघडपणे तुम्ही म्हणता : ही वाट माझ्या वडिलांपासूनची आहे. मनातून हवे आहे : ऊस वेळेवर जावा आणि एकट्या बाईशी भांडला असे गावात नाव होऊ नये. कोणाला न सांगितलेले : अक्कांचे पती तुमचे मित्र होते, त्यांच्या शेवटच्या आजारात तुम्ही भेटायला गेला नाहीत, आणि तेव्हापासून अक्कांच्या नजरेला नजर देण्याची तुमची हिंमत होत नाही.

या दोन कार्डांतल्या तिसऱ्या ओळी शेजारी ठेवून वाचाव्यात. अक्कांना जो अपमान वाटला तो अण्णांच्या बाजूने शरमेचा परिणाम होता. हे दोघांपैकी कोणालाच ठाऊक नाही आणि सूत्रधाराने ते फोडायचे नाही. खेळता खेळता ते बाहेर आले तर आले. न आले तरी चर्चेत कार्डे उघडली की मुले ती जागा आपणहून शोधतात. कार्ड रचताना अशी एक तरी जागा ठेवावी, जिथे एकाचे न सांगणे दुसऱ्याच्या रागाचे कारण बनलेले असेल. कोणालाही खलनायक करू नये. मुकादमाला आपल्या माणसांची दोन वेळची सोय पाहायची असते, ट्रॅक्टरवाल्याला खेपेवर पैसे मिळतात, पंचांना यात्रेच्या आधी गावात वाद नको असतो, आणि मुलाच्या हातात मोबाइल असतो, त्यावर काढलेला व्हिडिओ पाठवावा की न पाठवावा हा त्याचा खरा प्रश्न असतो. कार्डे मराठी आणि कन्नड दोन्ही लिप्यांत लिहून ठेवावीत.

जागा, माणसे आणि वेळ

अठरा मुले असावीत. सहा खेळतील, बारा पाहतील. पाहणाऱ्यांना रिकामे बसवू नये. नॉर्वेचे शांतता-अभ्यासक योहान गाल्टुंग यांनी संघर्षाचा जो त्रिकोण मांडला, त्याचे तीन कोन मी पाहणाऱ्यांच्या तीन गटांत वाटून देतो : चार जणांनी फक्त वर्तन टिपायचे, म्हणजे कोण पुढे सरकले, कोणी पाठ फिरवली, कोणाचा आवाज चढला, चार जणांनी वृत्ती, म्हणजे कोण कोणाविषयी काय गृहीत धरून बोलते आहे, आणि उरलेल्या चार जणांनी मूळ पेच, म्हणजे वाट, वेळ, पैसा आणि मान यांतले नेमके कशावर अडले आहे. एकच प्रसंग तिघांना तीन तऱ्हांनी दिसतो, हे नंतर वह्या वाचताना मुलांच्या आपोआप लक्षात येते आणि त्यावर वेगळे व्याख्यान द्यावे लागत नाही.

बाके भिंतीला लावून मधे एक सुतळी आंथरावी. तो बांध. प्रत्येक पात्रासाठी एक कापड ठेवावे : कोणाला खांद्यावरचा पंचा, कोणाला टोपी, अक्कांसाठी डोक्यावरून घ्यायचा पदर. हे वेषभूषेसाठी नाही. भूमिका अंगावर कधी आली आणि कधी उतरली, हे डोळ्यांना दिसावे यासाठी आहे. सूत्रधार शक्यतो दोघे असावेत, एक मराठी घरातले आणि एक कन्नड घरातले. नियम तीनच सांगावेत : अंगाला हात लावायचा नाही, खऱ्या गावाचे, खऱ्या माणसाचे किंवा घडलेल्या भांडणाचे नाव घ्यायचे नाही, आणि कोणीही, पाहणाऱ्यानेसुद्धा, 'थांबा' किंवा 'निल्ली' म्हटले की सगळ्यांनी आहे तिथे थांबायचे, कारण विचारायचे नाही. एकूण अडीच तास हाती असल्याशिवाय सुरुवात करू नये.

फेऱ्या

पहिली फेरी बांधावरची, दहा मिनिटांची. ट्रॅक्टर येऊन उभा आहे, अक्का आडव्या उभ्या आहेत, एवढे सांगून सूत्रधाराने मागे सरकावे. दुसरी फेरी त्याच संध्याकाळी देवळाच्या कट्ट्यावर, पंचांसमोर. या दोन फेऱ्यांच्या मधे एक फासा टाकावा आणि त्याप्रमाणे चिठ्ठी वाचून दाखवावी : टोळी उद्याऐवजी आज रात्रीच निघणार, किंवा आभाळ भरून आले आहे, किंवा मुलाने काढलेला व्हिडिओ गावाच्या ग्रुपवर पोहोचला आहे. खऱ्या आयुष्यातही माणसे ठरवून भांडत नाहीत, मधेच काहीतरी घडते आणि ठरवलेले शहाणपण निसटते. फाशाचे काम तेवढेच.

पुष्कळ वेळा असे होते की दुसऱ्या फेरीच्या दुसऱ्याच मिनिटाला सगळे मिटते. समोर शिक्षक बसलेले असतात, मुलांना काय अपेक्षित आहे हे पाठ असते, म्हणून पंच म्हणतात भरपाई द्या, अण्णा म्हणतात देतो, अक्का म्हणतात बरं. अशा वेळी शाबासकी देऊ नये. शांतपणे पुढची चिठ्ठी वाचावी : 'एक वर्षानंतर. पुन्हा मसूर उभा आहे. पुन्हा तोड आली आहे. भरपाईचे पैसे गेल्या वर्षी मिळाले होते.' आणि खेळ सुरू ठेवावा. माझ्या अनुभवात दुसऱ्या वर्षीचे भांडण पहिल्यापेक्षा कडू होते, कारण आता दोघांनाही आपण एकदा नमते घेतल्याचे आठवत असते. मिटवणे आणि परिवर्तन यांतला फरक मुलांना समजावून सांगण्यासाठी मी पूर्वी फळ्यावर बरेच काही लिहीत असे. ही एक चिठ्ठी सापडल्यापासून ते लिहिणे सोडून दिले.

तिसरी फेरी अदलाबदलीची. अण्णा आणि अक्का यांनी कार्डे आणि कापडे बदलावीत, कार्ड मनातल्या मनात वाचायला पूर्ण दोन मिनिटे द्यावीत, आणि पहिल्या फेरीतला तोच क्षण पुन्हा सुरू करावा. एका सत्रात दहावीचा एक उंच, आवाजाने दांडगा मुलगा अण्णा झाला होता आणि त्याने पहिल्या फेरीत कोणालाच बोलू दिले नव्हते. कार्ड बदलल्यावर त्याने पदर डोक्यावरून घेतला, अक्कांचे कार्ड वाचले, पुन्हा वाचले, आणि उभा राहण्याऐवजी सुतळीशी उकिडवा बसला. तो सुतळीच्या कडेने जमिनीवर हात फिरवू लागला, चाकाखाली आडवी झालेली रोपे सरळ करावीत तसा. अण्णा झालेली मुलगी समोर येऊन बोलू लागली तरी त्याने मान वर केली नाही. बऱ्याच वेळाने तो म्हणाला, "अण्णा, इचारला असता तर मीच वाट दावली असती." वर्गात कोणी हसले नाही. मी घड्याळ पाहिले आणि आणखी दोन मिनिटे कोणालाही काही बोलू दिले नाही. सूत्रधाराने अशा ठिकाणी गप्प राहण्याचा सराव करावा; आपल्या शिक्षकी सवयीला ते फार जड जाते.

भूमिका उतरवणे

खेळ संपला म्हणजे भूमिका संपली असे होत नाही. उत्तर युरोपात असे खेळ खेळणारे या गोष्टीला 'ब्लीड' म्हणतात, म्हणजे खेळातली भावना खऱ्या माणसात आणि खऱ्या माणसातली खेळात झिरपणे. मी त्याला पाझर म्हणतो. पाझर असल्याशिवाय आत्मपरीक्षण होत नाही, हे खरे; पण तो कुठून येतो आहे हे कळले नाही तर मुले दुखावली जातात.

एकदा खानापूर तालुक्यातल्या एका गावात सत्र लांबले, मुलांची परतीची शेवटची बस सुटण्याची वेळ झाली, आणि मी कापडे गोळा करून सगळ्यांना तसेच जाऊ दिले. दुसऱ्या दिवशी कळले की पंच झालेला मुलगा आणि अक्कांचा मुलगा झालेला मुलगा, दोघे वर्गमित्र, बसमध्ये एकमेकांना पात्रांच्या नावानेच चिडवत गेले, आणि उतरल्यावर त्यांच्यात खरी हातघाई झाली. ती चूक सर्वस्वी माझी होती. त्या दिवसापासून वेळ कमी पडत असेल तर मी एक फेरी कापतो, पण उतरवण्याचा वेळ कापत नाही.

उतरवण्याची रीत साधी आहे. सगळ्यांनी गोल उभे राहावे. प्रत्येकाने आपले कापड काढून घडी घालून मधे ठेवावे आणि मोठ्याने आपले खरे नाव, आपली इयत्ता आणि सकाळी काय खाल्ले ते सांगावे. मग दोन वाक्ये बोलावीत : 'या माणसात आणि माझ्यात एवढे सारखे आहे' आणि 'या माणसात आणि माझ्यात एवढे वेगळे आहे'. दुसरे वाक्य टाळू देऊ नये. ज्याने शिवीगाळ करणारे पात्र केले आहे त्याला ते वाक्य सर्वांसमोर म्हणता येणे गरजेचे असते. त्यानंतर पाच मिनिटे पाणी प्यायला, बाहेर जायला सोडावे.

यानंतरची चर्चा किमान पाऊण तासाची असावी. क्रम असा ठेवावा : आधी कोणत्या क्षणी काय वाटले, मग प्रत्यक्ष काय घडले (येथे तिन्ही गटांच्या वह्या वाचाव्यात), आणि सर्वांत शेवटी आपल्या स्वतःविषयी. मोरेनोंच्या परंपरेत खेळानंतर सल्ला देण्याला आणि दुसऱ्याची चिकित्सा करण्याला मनाई असते; प्रत्येकाने फक्त आपल्या आयुष्यातले जे आठवले ते सांगायचे. हा नियम मी जसाच्या तसा पाळतो. 'तू अक्कांना असे बोलायला नको होतेस' हे वाक्य चालत नाही. 'मीही आमच्या आत्याशी असेच बोललो होतो' हे चालते.

स्वतःविषयीचा भाग बोलून घेण्यापेक्षा लिहून घ्यावा. प्रत्येकाला वही आणि दहा मिनिटे द्यावीत, आणि प्रश्न दोनच द्यावेत : आज मी कोणत्या शब्दानंतर समोरच्याचे ऐकणे थांबवले? आणि माझ्या स्वतःच्या कार्डावर तिसरी ओळ काय असेल? ही वही सूत्रधारानेही वाचू नये, आणि वाचणार नाही हे आधी सांगावे. त्यातून एखाद्या मुलाने किंवा मुलीने आपणहून येऊन घरातल्या मारहाणीविषयी किंवा त्याहून गंभीर काही सांगितले, तर ते खेळाच्या कक्षेत धरू नये. शांतपणे ऐकावे, कोणालाही न सांगण्याचे वचन देऊ नये, आणि विश्वासातल्या जबाबदार मोठ्या माणसाची किंवा १०९८ या बालसाहाय्य क्रमांकाची मदत घ्यावी.

आम्ही, आपण आणि नावु

आपल्या भागातल्या मुलांजवळ एक साधन आहे जे पुण्या-मुंबईच्या मुलांजवळ नाही. त्यांना दोन भाषांत भांडता येते. म्हणून एखाद्या सत्रात बांधावरची फेरी आधी मराठीत आणि मग तीच कन्नडमध्ये घ्यावी, आणि काय बदलले ते विचारावे.

पहिली गोष्ट आदराची. इकडच्या कन्नडमध्ये वाक्याच्या शेवटी 'री' लावला की रागातही आदर शिल्लक राहतो. 'येन्री', 'हौद्री' म्हणत माणसे भांडू शकतात. मराठीत तो आदर सर्वनामात आणि क्रियापदात असतो, आणि 'तुम्ही'वरून 'तू'वर येणे हा एका क्षणाचा उतार असतो. वर्तन टिपणाऱ्या गटाला तो क्षण मिनिटासह नोंदवायला सांगावा. बहुतेक वेळा त्यानंतर वाटेविषयी कोणी बोलत नाही, फक्त माणसांविषयी बोलते.

दुसरी गोष्ट 'आम्ही' आणि 'आपण' यांची. मराठीत ऐकणाऱ्याला वगळून 'आम्ही' आणि त्याला सामावून 'आपण' असा भेद आहे. आजच्या कन्नडमध्ये दोन्हींसाठी 'नावु' हा एकच शब्द आहे. त्यामुळे मराठी फेरीत अण्णांच्या तोंडी 'आम्ही काय करायचं?' याच्या जागी 'आपण काय करायचं?' कधी येते, की येतच नाही, हे पाहणे उद्बोधक ठरते. कन्नड फेरीत तोच प्रश्न विचारला की ऐकणाऱ्याला ठरवावे लागते, यात मी आहे की नाही. एका कन्नड माध्यमाच्या मुलीने 'नावु' म्हणताना हात फिरवून सुतळीच्या दोन्ही बाजू दाखवल्या होत्या. जे मराठीत शब्दाने होते ते तिने हाताने केले. अशा गोष्टी मुलांना भाषेच्या तासापेक्षा येथे अधिक चांगल्या समजतात, आणि दुसऱ्याची भाषा ही अडवणुकीची वस्तू आहे हा समज थोडा सैल होतो.

सीमाप्रश्नाचे काय करावे

हा प्रश्न प्रत्येक सत्रात कोणीतरी विचारतोच, आणि तो टाळणे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही. १९५६ची राज्यपुनर्रचना, १९६७चा महाजन आयोगाचा अहवाल, २००४ साली महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दाखल केलेला दावा, हे आपल्या घराघरांतले विषय आहेत, आणि कित्येक घरांत त्यासाठी सोसलेले आहे. वर्गात सहा मुलांना पंचे आणि टोप्या देऊन तो प्रश्न सोडवून घेण्याचा आव आणू नये. संघर्ष-परिवर्तन म्हणजे आपला हक्क सोडून देणे नव्हे, हे सूत्रधाराने सुरुवातीलाच स्पष्ट शब्दांत सांगावे. नाहीतर मराठी घरातून आलेल्या मुलाला हा सगळा खेळ आपल्याला गप्प बसवण्यासाठी आहे असे वाटेल, आणि तसे वाटण्यात त्याची चूक नसेल.

किमान तीन-चार साधी सत्रे झाल्यावरच या विषयाच्या जवळ जावे, आणि तेव्हाही नेते, आंदोलन, मोर्चा ही दृश्ये घेऊ नयेत. मी नाडकचेरीची, म्हणजे महसूल खात्याच्या स्थानिक कार्यालयाची, खिडकी घेतो. एक आजी जमिनीच्या उताऱ्यातली चूक दुरुस्त करून घ्यायला आल्या आहेत. त्यांच्या हातात कन्नडमधली नोटीस आहे आणि त्यांना ती वाचता येत नाही. खिडकीत बसलेला कारकून दूरच्या जिल्ह्यातून नुकताच बदलून आला आहे, त्याला मराठी येत नाही, मागे रांग वाढते आहे आणि वरिष्ठांचा फोन चालू आहे. रांगेत एक विद्यार्थिनी आहे जिला दोन्ही भाषा येतात, पण तिची बस चुकेल. या प्रसंगात दोन्ही बाजू समान नाहीत. खिडकीच्या आतल्या माणसाकडे शिक्का आहे आणि बाहेरच्या बाईकडे फक्त कागद आहे. चर्चेत हे विचारलेच पाहिजे : कोण हेलपाटा सोसू शकतो आणि कोणाला तो परवडत नाही? ही विषमता झाकून 'दोघांनी समजुतीने घ्यावे' असा शेवट सूत्रधाराने सुचवला, तर तो खेळ खोटा आहे असे मी मानतो. कारकुनाची भूमिका मात्र मराठी घरातल्या मुलाने करावी आणि आजीची कन्नड घरातल्या मुलीने, आणि त्यांची अदलाबदल करू नये.

१ नोव्हेंबर आणि १७ जानेवारी (सीमालढ्याचा हुतात्मा दिन) या तारखांच्या आगेमागे हे सत्र ठेवू नये. १ नोव्हेंबरला तर एकाच दिवशी एका गल्लीत राज्योत्सव आणि दुसरीत काळा दिन असतो, तेव्हा मुले घरून जे घेऊन येतात ते कार्डावरच्या तीन ओळींत मावत नाही. मुख्याध्यापकांना आणि पालकांना कार्डे आधी वाचायला द्यावीत, मोबाइल बाहेर ठेवावेत, आणि चित्रीकरण कोणालाही करू देऊ नये, स्वतःच्या संस्थेच्या अहवालासाठीसुद्धा नाही.

एका सत्राने फार काही बदलत नाही, म्हणून महिन्याने तोच गट पुन्हा बोलवावा. दुसऱ्या खेपेला कार्डे मुलांनाच लिहू द्यावीत. विषय शाळेच्या आवारातला नळ, दोन माध्यमांच्या शाळांना मिळून एकच असलेले मैदान, किंवा मिरवणुकीच्या रात्रीचा आवाज असा त्यांनी निवडावा. पहिल्या दोन ओळी ते झटपट लिहितात. तिसरी बहुधा कोरी येते, किंवा 'काही नाही' असे लिहून येते. तसे कार्ड परत करू नये. तेच घेऊन फेरी सुरू करावी, आणि ती संपली की कार्ड लिहिणाऱ्या मुलाच्या हाती पेन्सिल द्यावी.